चाळीस वॅटची नालस्ती

एका बाईची मी तीनेक आठवडे रोज संध्याकाळी नालस्ती करत होते, आणि तीही तिच्या तोंडासमोर, बल्ब लावून. साधा चाळीस वॅटचा पिवळा बल्ब, आमच्या गॅलरीच्या गजाला सुतळीनं बांधलेला. समोरच्या इमारतीत, बरोबर त्याच उंचीवर, चहाचा कप घेऊन बसलेल्या पेंडसेबाई. त्यांच्याबद्दल मनात येईल ते मी बल्बच्या उघडमिटीतून मोर्सच्या लिपीत पाठवत असे, टिंब, रेघ, टिंब, टिंब, आणि मला पक्की खात्री होती की अख्ख्या बिबवेवाडीत ही लिपी समजणारं माणूस एकच, ते म्हणजे मी. पेंडसेबाईंबद्दल मला काय ठाऊक नव्हतं? दूध कोणाकडून घेतात, भाजीवाल्याशी कशावरून वाजतं, गुरुवारचा साबुदाणा कोणत्या पातेल्यात भिजतो, सगळं. फक्त एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. बाईंची सगळी नोकरी तारखात्यात गेली होती. तारेची कड्कट्ट कानानं ऐकायची आणि हातानं लिहून काढायची, हेच त्यांनी केस पिकेपर्यंत केलं होतं. परवा हे मी नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तू चक्क ट्रोल होतीस." या शब्दाचा अर्थ तिनं मला समजावून दिला. होतेच.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबांना इकडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी लागली, तेव्हा आई जवसाच्या चटणीची बरणी मांडीवर घेऊन पुण्याला आली आणि आल्या दिवसापासून पुण्याच्या वांग्यांवर नाराज राहिली. बाबा दर रविवारी स्कूटरवर मंडईत जाऊन निवडून निवडून वांगी आणत आणि आई ती हातात घेऊन म्हणे, "हे वांगं आहे की पाण्याचा फुगा, बाप्पा?" मग त्याच वांग्यांचं भरीत असं करी की जिन्यातून जाणारे लोक आमच्या दाराशी उगाचच चपलेचा अंगठा नीट करत थांबत. फ्लॅट दोन खोल्यांचा, तिसऱ्या मजल्यावर, पुढे काचा लावून बंद केलेली गॅलरी. गल्ली इतकी अरुंद की समोर फोडणी पडली की आमच्याकडे शिंक. सकाळ कुकरच्या शिट्ट्यांनी उजाडायची आणि आई नुसत्या शिट्टीवरून सांगायची, कोणाकडे डाळ शिजतेय आणि कोणाकडे बटाट्यांवर भागवताहेत. त्या दिवसांत गल्लीवरून केबलच्या काळ्या वायरी इकडून तिकडे जायला लागल्या होत्या. बघता बघता आमच्या आकाशाची बाज विणून झाली. आणि कॉम्प्युटर क्लास! किराणा दुकानाच्या वर क्लास, पिठाच्या गिरणीच्या मागे क्लास. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, कारण आत म्हणे एसी आणि धूळ चालत नाही. आईनं एकदा बाहेरची ती चपलांची रांग पाहिली आणि जाता जाता हात जोडले. बाबांना मात्र त्या बंद काचेच्या दाराबद्दल अपार आदर होता. त्यांच्या खात्यातल्या कोणाचा तरी मुलगा त्या दारातून आत गेला होता आणि थेट अमेरिकेत निघाला होता.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याला होते. दोन वेण्या, जाड चष्मा, आणि शहाणपण असं की ते अंगात मावत नसे. कॉलेजातल्या देवधर सरांनी हौशी रेडिओवाल्यांचा एक क्लब चालवला होता. हे हौशी रेडिओवाले म्हणजे 'हॅम'. घरच्या घरी रेडिओचा सेट बांधायचा, गच्चीवर तार ताणायची आणि कुठल्या कुठे बसलेल्या अनोळखी माणसाशी हवामानाच्या गप्पा मारायच्या, असा एकूण मामला. आज माझी नात आंघोळ सोडून सगळ्या वेळी अनोळखी माणसांशी बोलत असते, तिला यात काय गंमत ते कळत नाही. मला तेव्हा वाटायचं, गल्लीच्या डोक्यावरून जाणारी एकच वायर आपली असावी आणि ती कुठेही न जोडता जगभर पोचावी. पण त्याला सरकारचं लायसन्स लागे, लायसन्सला परीक्षा लागे, आणि परीक्षेत मोर्स. मोर्सचे संदेश ऐकून लिहायचे आणि खटका दाबून पाठवायचे. बाकीचा पेपर मी सोडवला होता. मोर्सला बसले आणि घाबरून अशी सुटले की परीक्षकांनी हात वर करून मला थांबवलं. "बाई, तुम्ही पाठवताय की कोथिंबीर चिरताय?" नापास.

सेट मात्र तोवर घरात येऊन बसला होता. तो आम्ही जुन्या बाजारातून आणला, लष्कराच्या भंगारातला, हिरव्या रंगाचा, वजनाला असा की बाबांनी स्कूटरवर पायांमध्ये ठेवला तर स्कूटरच बसली. तो मूळचा दुसऱ्याच लहरींवर बोलायचा. त्याला आमच्या, म्हणजे हौशी लोकांच्या, लहरींवर आणायचं तर आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी नव्यानं गुंडाळायला हवी होती. पुस्तकात दिल्याप्रमाणे ती एका ठरावीक जाडीच्या नळकांड्यावर गुंडाळायची. मी घरभर मोजपट्टी घेऊन फिरले. नळकांडी कुठेच जुळेना. जुळलं ते आईचं लाटणं. म्हटलं, गुंडाळू, वार्निश लावून वाळवू आणि अलगद काढून घेऊ. वार्निश वाळलं, आणि गुंडाळी लाटण्याला अशी चिकटली की जणू जन्माची गाठ. सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "संगे! लाटणं कुठी गेलं वं?" मी सेटचं झाकण उघडून दाखवलं. आत, तापलेल्या काचेच्या नळ्यांच्या मधोमध, लाटणं देवासारखं उभं. आईनं फडताळातून सरबताची रिकामी बाटली काढली आणि त्या बाटलीनं पोळ्या लाटल्या. वर्षानुवर्षं कणीक आणि तेल प्यायलेलं ते लाकूड. सेट तासभर चालला की घरात तव्यावरच्या पोळीचा वास सुटे. बाबा भूक लागली म्हणून उठून बसत.

सेटच्या पुढच्या पत्र्याचंही तसंच. मूळचा पत्रा गंजून चाळण झाला होता. मी माळ्यावरून एक पितळी ताट काढलं आणि कापून, भोकं पाडून बसवलं. ताटावर नाव कोरलेलं होतं, ते माझ्या लक्षात आलं सगळे स्क्रू बसल्यावर. त्यामुळे माझ्या सेटच्या दर्शनी भागावर, बटणांच्या वर, झोकदार अक्षरांत 'कै. तुकारामजी यांचे स्मरणार्थ' असं होतं. तुकारामजी म्हणजे आईचे चुलत आजोबा. देवधर सर सेट बघायला आले तेव्हा चष्मा पुसून दोनदा वाचून म्हणाले, "सेट गेला तर वेगळी पाटी करायला नको." सेट गेला नाही, मी मात्र एकदा जाता जाता वाचले. वीज बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरात वीज भरून राहते, हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. लिहून झाल्यावर मी त्याला हात लावला आणि ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसले, मधलं अंतर न चालता. त्या दिवसापासून आईचा हुकूम सुटला: पायात रबरी चपला असल्याशिवाय सेटला शिवायचं नाही, आणि एक हात कायम पाठीमागे. देवधर सर म्हणाले, हात पाठीमागे ठेवण्याचा नियम अगदी शास्त्रशुद्ध आहे. आई म्हणाली, "मले शास्त्र नाही माहीत. एक हात तरी लग्नापर्यंत राहिला पाहिजे."

नापास होऊन आले त्या संध्याकाळी बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "हे बघ संगीता, अजून एकदा बस. या खेपेला झालीस पास, तर गच्चीवर तार मी स्वतः बांधून देतो. नाही झालीस, तर सेट जुन्या बाजारात परत आणि तू कॉम्प्युटरच्या क्लासला. मग वाद नको." आईकडे पाहिलं तर ती चटणीवर तेल घालत होती, मान खाली. वाद नको म्हटल्यावर आमच्या घरात वाद नसे. (बाबांचं कॉम्प्युटरबद्दल चुकलं नव्हतं. पुढे माझी सगळी नोकरी त्याच काचेच्या दाराआड गेली, चपला बाहेर काढून. पण एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्याचं बरोबर असणं ही फार अपमानाची गोष्ट असते.)

म्हणून सराव. पण लायसन्स नसताना हवेत एक टिंबही सोडायचं नाही, यावर देवधर सर ठाम. "तार छतावर लायसन्सनंतर. तोवर सेटच्या तोंडाला बल्ब बांधा. जी ताकद हवेत जायची ती बल्बात जाईल, उजेड पडेल, कायदाही पाळला जाईल." मी तसं केलं. खटका दाबला की बल्ब पेटे, सोडला की विझे. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. माझं टिंब आणि माझी रेघ मला प्रथमच डोळ्यांनी दिसत होती. बल्ब गजाला बांधला, कारण गॅलरीत दुसरीकडे कुठे आईच्या मुंगवड्यांची सुपं नव्हती अशी जागाच नव्हती. कॉलेजातून आले, चहा-पोहे झाले, बाहेर दिवे लागायची वेळ झाली की मी चपला घालून, एक हात पाठीमागे घेऊन उभी. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं आमचं वायरिंग सैल झालंय. त्यांनी आपणहून एक वायरमन पाठवला. आईनं त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

आता रोज पाठवायचं काय? पुस्तकातले उतारे दोन दिवसांत संपले आणि मला खटक्यावरच डुलकी लागायला लागली. मग मी समोर दिसेल ते पाठवू लागले, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आणि समोर दिसत काय होतं? पेंडसेबाई. उंच, काटकुळ्या, एकट्या राहणाऱ्या, कपाळाला कायम एक आठी, गल्लीत भेटल्या तर "काय, बरं आहे?" एवढंच, आणि उत्तराची वाट न बघता पुढे. संध्याकाळ झाली की त्या गॅलरीत खुर्ची टाकून आमच्याकडे तोंड करून बसत. मला वाटे, आमच्या घरात काय चाललंय ते बघायला. म्हणून मी सूड उगवायला सुरुवात केली. 'पेंडसेबाई आल्या. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.' 'आज गाऊनवर स्वेटर, स्वेटरवर शाल. आत बाई नसून कपाट असावं.' 'भाजीवाल्याकडून मिरच्या फुकट घेतल्या. तो गल्लीच्या टोकाला जाऊन रडला.' 'नवी साडी. रंग शेवाळी. साडी चांगली आहे, आत पेंडसेबाई आहेत हे वाईट.' लिहिताना मला आजही हसू येतं, ही माझी दुसरी चूक समजा. रोज मी नवी उपमा शोधून ठेवायची, वर्गातसुद्धा. आणि त्या बाई शांतपणे चहा पीत माझ्या बल्बाकडे बघत असायच्या, चेहऱ्यावरची आठी हलत नसे.

एका संध्याकाळी मात्र मला उपमा सुचली नाही. देवधर सरांनी माझं पाठवणं ऐकलं होतं आणि नुसता चष्मा पुसला होता, परीक्षा तोंडावर आली होती, आणि घरी बाबा शेजारच्या क्लासचं माहितीपत्रक घेऊन आले होते. मी चपला घातल्या, हात मागे घेतला आणि पाठवलं, 'मी याही वेळी नापास होणार. सेट जाणार. मला काहीच येत नाही.' एवढंच पाठवून बल्ब बंद केला. समोर पेंडसेबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, चहा संपला असेल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाई आमच्या दारात उभ्या. हातात आमचीच वाटी. आईनं आठवड्यापूर्वी त्यांना पातोडीची भाजी पाठवली होती. रिकामी वाटी परत करायची नाही म्हणून तिच्यात त्यांनी मेथीचा एक लाडू घालून आणला होता. "तुमची भाजी तिखट होती," त्या म्हणाल्या. "फार छान होती." आई अशी खूश झाली की तिनं त्यांना खुर्चीतच बसवलं आणि चहा टाकला. बाबा वर्तमानपत्र घडी करून समोर बसले. मी दाराच्या चौकटीशी, निर्व्याज चेहरा करून. चहा आला. बाईंनी साखर ढवळली, चमचा बाहेर काढला आणि बशीच्या काठावर हलकेच वाजवायला लागल्या. एक टिचकी. थांबल्या. टिचकी, मग चमचा काठावरून घासून ओढला, मग पुन्हा टिचकी. थांबल्या. टिचकी आणि घासणं. मला आधी काही वाटलं नाही. मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ई. आर. ए. पुढचं अक्षर यायच्या आत मला शब्द ओळखू आला होता. बाई खिडकीबाहेर बघत, अगदी सावकाश, बशीवर 'एरंडेल' वाजवत होत्या.

"साखर कमी झाली का बाई?" आईनं विचारलं. "चमचा काहून वाजवून राहिल्या?"

"नाही हो, साखर बेताची आहे. सवय आहे ही माझी जुनी." आणि चमचा पुन्हा सुरू. के. ए. पी. कपाट! मी चौकट घट्ट धरली. बाबांचं लक्ष माझ्याकडे गेलं असावं. ते जरा पुढे सरकले.

"बाई, एक विचारू का? आमच्या पोरीचा तो लाईट रोज लागतो-विझतो. तुम्हाला समोर राहून काही त्रास होत असेल तर स्पष्ट सांगा. तसाही तो सेट मी आता..."

"त्रास?" पेंडसेबाईंनी कप खाली ठेवला. "होतो तर."

त्या क्षणी तुकारामजींच्या ताटासकट माझा सेट जुन्या बाजारात निघाला. मी त्याला स्कूटरवर बसलेला पाहिला.

"तिची टिंबं लांबतात," बाई म्हणाल्या. "टिंब आणि रेघ जुळ्या बहिणी वाटतात. वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं? मी तारेवर होते हो, तारखात्यात. पोरी अशा पाठवायला लागल्या तर आम्ही त्यांना टेबलावरून उठवत असू." मग माझ्याकडे न बघताच, "उद्यापासून कॉलेज सुटलं की माझ्याकडे पाठवा. बल्ब घरी ठेवून."

बाबांना अजून शंका होती. "बाई, पण ती पाठवते काय? काही भलतंसलतं तर..."

"छे. निरीक्षण चांगलं आहे मुलीचं," बाई म्हणाल्या आणि उरलेला चहा संपवला.

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. सोडायला म्हणजे, पाय आपोआप गेले. दोन पायऱ्या उतरल्यावर त्या थांबल्या आणि मान वळवून म्हणाल्या, "एरंडेल मी आयुष्यात घेतलेलं नाही. चेहरा जन्मापासून असाच आहे."

त्यांच्या घरात सुंठीचा आणि धुतलेल्या फरशीचा वास असे. टेबलावर पितळी डबा, हातात अडकित्ता. अडकित्ता मिटला की एक आवाज, उघडला की दुसरा. डब्यावर टेकवून त्या तो असा चालवत की तारेचं यंत्र झक मारेल. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा रोग सांगितला. बल्बची तार तापायला क्षणभर लागतो आणि विझायलाही लागतो. मी तीन आठवडे बल्ब पूर्ण पेटेपर्यंत खटका दाबून धरत होते. माझ्या हाताला बल्बची खोड लागली होती. "तू उजेड पाडायला बघतेस," त्या म्हणाल्या. "परीक्षेत अंधार असला तरी चालतं. डोळे मीट." मी डोळे मिटून टेबलावर बोटांनी पाठवायची आणि त्या अडकित्त्यानं चूक तिथल्या तिथे मारायच्या, माझ्या बोटांना नाही, डब्याला, पण दचकायला तेवढं पुरे. मजकूर मात्र त्यांचाच. त्या जुन्या तारा तोंडपाठ सांगत: मुलगा झाला, दोघं सुखरूप. गाडी चुकली, उद्या येतो. वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघा. "नीट पाठव. आत्ता ह्याचा बाप बरा झाला की गेला, ते तुझ्यावरून कळायला मार्ग नाही." एकदा मी कंटाळून शेवटचे दोन शब्द एकत्र जोडले तर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "संगीता, ही तार ज्याच्या हातात पडते ना, तो ती दारातच उघडतो. चप्पलसुद्धा काढत नाही. त्याला दोनदा वाचायला लावायची नाही." आज तारा बंद झाल्या. माझा मुलगा मला विमानतळावर पोचल्याचं एक अंगठ्याचं चित्र पाठवतो. मी ते दारातच उघडते, आणि दोनदा वाचते.

जिन्यातल्या त्या एका वाक्यानंतर नालस्तीबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मी रोज वाट बघायची, आज बोलणार, आज बोलणार. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. सराव संपल्यावर, त्या सुपारी कातरत असताना, विचारलं, "बाई, तुम्ही पहिल्या दिवसापासून वाचत होता?"

"दुसऱ्या. पहिल्या दिवशी मला वाटलं वायरिंग सैल आहे."

"मग आधीच का नाही आलात? आईकडे तक्रार करायला?"

"कशाला? करमत होतं." सुपारीचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "त्या दिवशी मात्र तू रडगाणं पाठवलंस. तेही चुकीचं पाठवलंस. म्हटलं, आता उठायला हवं."

परीक्षेच्या सकाळी आईनं हातावर दही-साखर ठेवली आणि सवयीनं म्हणाली, "चपला घाल." बाबांनी स्कूटरवरून सरकारी कचेरीपर्यंत नेलं आणि आत न येता झाडाखाली उभे राहिले, हेल्मेट काखेत धरून, जणू निकाल त्यांचाच लागणार होता. परीक्षक तेच, कोथिंबीरवाले. कागद समोर ठेवला, खटका माझ्याकडे सरकवला. मी डोळे मिटले.

"झोप येतेय का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. दिसलं की चुकतं."

मी पाठवलं. पितळी डबा आणि अडकित्ता, बाकी कानात काही नव्हतं. एका जागी बोट अडखळलं, थांबले, दचकले, पुढे गेले. संपल्यावर डोळे उघडले तर परीक्षकांनी त्यांच्या कागदावरचं पेन उचललं नव्हतं. शेवटचा शब्द लिहून त्यांनी वर पाहिलं. "सुधारणा आहे. कोणाकडे शिकलात?"

"समोरच्या बाईंकडे."

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली. बाहेर आले तर बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्कूटरला किक मारली. ती पहिल्याच किकला सुरू झाली, तेव्हा ते हसले. पास झाल्याचं कळलं त्या दिवशी संध्याकाळी बाबा गच्चीवर जाऊन टाकीपाशी तार कुठे बांधायची ते हातांनी मोजत होते, आणि खालून आई ओरडत होती, "अहो, कुरडया वाळत घातल्या आहेत, पाय जपून!"

मी पेढ्यांचा पुडा घेऊन समोरच्या इमारतीत गेले. पेंडसेबाईंनी दार उघडलं. शेवाळी साडी होती अंगावर. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, बाई, पास झाले, आणि आता तारेचं दुसरं टोक तुमच्या गच्चीला बांधलं तर चालेल का, असं बाबांनी विचारलंय. त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा बशीत ठेवला. आठी होती तशीच होती. मग म्हणाल्या:

"बांध. आमच्या सेक्रेटरीला मी सांगते. पण तो बल्ब संध्याकाळचा परत लाव. बरेच दिवस झाले, मी कशी दिसते ते मला कोणी सांगितलेलं नाही."